मासळीची हायब्रिड आणि गुणाजी घाडी

गुणाजी घाडीकडे गाडी न्यायची तर ती आहे तशी न्यावी लागते. डिकीतलं सामान उतरवायचं नाही, मागच्या सीटवरचं पोतं काढायचं नाही, पोरांनी सांडलेला चिवडासुद्धा झाडायचा नाही. धुऊन-पुसून आणलेली गाडी दिसली की भांडुपच्या टेंभीपाड्यातला हा सत्तावन्न वर्षांचा मेकॅनिक वैतागतो. "डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जाता काय हो तुम्ही?" असं त्याने एकदा एका प्रोफेसरबाईंना तोंडावर विचारलं. बाई रागाने निघून गेल्या आणि आठ दिवसांनी परत आल्या. न धुतलेली गाडी घेऊन.

आपल्याच या नियमाला गुणाजी आयुष्यात एकदाच चुकला, आणि ती चूक एका कोळणीच्या धंद्यावर बेतली होती.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. सकाळी अकरालाच ऊन पत्र्यांवर ठाण मांडून बसलं होतं. एक पांढरी हायब्रिड गाडी कुथत कुथत टेंभीपाड्याचा चढ चढून गुणाजीच्या गॅरेजपुढे उभी राहिली. चढताना तिच्या बोनेटमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येत होता. पण शेजारच्या पंक्चरवाल्या लहूने आवाजाच्या आधी वास पकडला.

"गुणा, पापलेट आलं रे दारात!"

"पापलेट नाय ता. हलवो," स्टुलावर बसल्या बसल्या गुणाजी म्हणाला.

गाडीतून पस्तिशीची एक बाई उतरली. पंजाबी ड्रेस, मनगटावर मोठं घड्याळ, केस घट्ट बांधलेले. तिने दोघांचं बोलणं ऐकलं होतं. "हलवाच होता. ओळखलात बरोबर," ती म्हणाली. "काका, तुमच्यातले गुणाजी घाडी कोण? हॉटेलच्या वॉचमनने पत्ता दिला. बोलला, हायब्रिडला हात लावणारा आसपास एकच माणूस आहे. माझी पार वाट लागलीय हो."

ती कल्पिता. वेसावे कोळीवाड्यातली. वाड्यातल्या सात लहान होड्यांचा ताजा माल ती पवईच्या एका टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलला पोचवते. आठवड्यातून चार दिवस, सकाळी नऊच्या आत. हे काम मिळवायला तिने दीड वर्ष चपला झिजवल्या होत्या. आधी तिने टेंपो लावून बघितला. तो साकीनाक्याच्या गर्दीत उभ्या उभ्या बर्फाचं पाणी करून बसायचा. मग कुणीतरी सांगितलं, हायब्रिड घे, सेकंडहँड घे, पण घे. सिग्नलला इंजिन बंद होतं तरी एसी बॅटरीवर चालूच राहतो. मासळी गार ती गार, आणि उभ्या गाडीत पेट्रोलही जळत नाही. कल्पिताला हिशेब पटला. वर्षभर गाडी झकास चालली.

आणि आता पंधरा दिवस झाले, पवईला पोचेपर्यंत गाडीचा जीव जायचा. इंजिन ठोकायला लागायचं, पाय खाली दाबला तरी गाडी पुढे सरकायची नाही, समोर पिवळा दिवा पेटायचा. त्या सकाळी हॉटेलच्या चढावर ती अर्ध्यात थांबली आणि कल्पिता पावणेदहाला पोचली.

"सर्व्हिस सेंटरला दाखवली?"

"दाखवली ना." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. सर्व्हिस सेंटरच्या चैतन्य नावाच्या पोराने त्यावर लिहून दिलं होतं: हायब्रिड बॅटरी निकामी, बदलावी लागेल, पार्ट येण्यास तीन आठवडे. "तीन आठवडे मी माल कशातून नेऊ, काका? डोक्यावरून? तोवर हॉटेलवाले काय माझी वाट बघत बसतील?"

गुणाजीने कागद वाचला, गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडलं. आत सगळं चकचकीत. सीट ओली, साबणाचा वास, त्याच्या मागून हलव्याचा.

"धुतलीस?"

"हो. माल उतरवून पहिलं तेच केलं," कल्पिता म्हणाली. मग जरा थांबून, नजर दुसरीकडे वळवून म्हणाली, "तिकडे सर्व्हिस सेंटरला पोरं नाकाला रुमाल लावून उभी होती. एक तर बोलला, मॅडम, ही गाडी आहे का फिशमार्केट? म्हटलं, तुमच्याकडे तरी तसं नको."

गुणाजीच्या ओठांवर आलेलं डॉक्टरचं आणि तापाचं वाक्य त्याने गिळलं. लहू सांगतो, "मी बघितलं ना. तोंड उघडलं आणि मिटलं. तिथेच घोटाळा झाला."

*

गुणाजीचा बाप परळच्या गिरणीत सांचेवाला, म्हणजे माग चालवणारा, होता. संप झाला, गिरणी गेली, आणि घाडी कुटुंब भांडुपच्या चाळीत आलं. गुणाजी तेव्हा शाळेत होता. शाळा सुटल्यावर डिझेल पंपाच्या दुकानात बसायला लागला आणि पुढे शाळेतूनच सुटला. डिझेल, पेट्रोल, गॅस, जे जे आलं ते ते तो हाताने शिकत गेला. त्याचा बाप सांगायचा की हजार मागांच्या कल्लोळात एका मागाचा धागा तुटला तरी ऐकू यायचं. गुणाजीचे कान त्याच घरातले.

पण हायब्रिड आली आणि कान अपुरे पडले. सिग्नलला बंद पडलेली गाडी बिघडली आहे की नीट चालली आहे, हेच कळेना. गॅरेजवाले म्हणाले, आपल्याला काय करायचंय, रिक्षा दुरुस्त करू. गुणाजी एक्कावन्नाव्या वर्षी मुलुंडला तीन दिवसांच्या शिकवणीला जाऊन बसला. वर्गात सगळी विशीतली पोरं. शिकवणारा त्यांना नावाने हाक मारी आणि ह्याला 'अंकल'. वर्ग इंग्रजीत. गुणाजी मुकाट्याने फळ्यावरची चित्रं उतरवून घेई आणि संध्याकाळी घरी येऊन मुलीला, श्रुतिकाला, पुढ्यात बसवी. ती वाचायची, अर्थ सांगायची, आणि हा आपल्या भाषेत वहीत लिहायचा. ती वही गॅरेजमध्ये गणपतीच्या फोटोखाली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय: 'इंजिन म्हणजे मोठो भाव. मोटर म्हणजे धाकटो. चढार दोघांनी मिळान ओढूचा. एकट्यान ओढल्यान तर मोठो खोकता.'

हायब्रिडचं अख्खं शास्त्र इतक्या थोडक्यात मांडलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि दुसऱ्या पानावर, लाल शाईत: 'घाई केल्यान तो मेलो.' कारण ह्या गाड्यांच्या बॅटरीत दोनशे व्होल्टच्या वर वीज असते, आणि ती कुणाची ओळख ठेवत नाही.

*

मंगळवारी दुपारी गुणाजीने स्कॅनर लावला. बॅटरीचे चौदा गट असतात. त्याने चौदाही गटांचा व्होल्ट एकेक करून बघितला. सगळे गट सारखे. एखादा मेला असता तर आकडा खाली दिसला असता.

"बॅटरी मेलेली नाय," त्याने कल्पिताला सांगितलं. "त्या पोराने दिवा बघितला आणि कागद लिहिला. सीट उचलून बघितलेलीच नाय."

मग तो इंजिनकडे वळला. हायब्रिडच्या इंजिनात जळका धूर थोडासा परत आत फिरवतात, त्याने आतली आग जरा शांत राहते. तो धूर जाण्याची वाट काजळीने बुजली होती. आग भडकायची, इंजिन ठोकायचं, आणि ठोकायला लागलं की गाडीचा मेंदू स्वतःच ताकद कमी करायचा. गुणाजीने बुधवारी दिवसभर बसून ती वाट साफ केली. डांबरासारखी काजळी चहाचा पेला भरेल इतकी निघाली. संध्याकाळी तो आणि लहू गाडी घेऊन भांडुप स्टेशनपर्यंत जाऊन आले. आवाज नाही, दिवा नाही, चढावर गाडी हरणासारखी.

"ने," त्याने कल्पिताला किल्ली दिली. "झाला काम."

गुरुवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन वाजला. हॉटेलच्या चढावर गाडी पुन्हा अर्ध्यात उभी होती.

"काका, तुम्ही बोललात झालं म्हणून! मी तुमच्यावर भरवसा टाकून सगळा माल भरला." कल्पिताचा आवाज फाटला होता. "हॉटेलच्या दोन पोरांनी पेट्या उचलून वर नेल्या. हर्षदसर, ते खरेदीचं बघतात ना, ते काय बोलले माहितीय? शनिवारी लग्नाची मोठी पार्टी आहे. शनिवारी नऊच्या पुढे एक मिनिट झालं तर सोमवारपासून दुसरा माणूस. सात होड्या आहेत हो माझ्यामागे. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

लहू हातातली ट्यूब पाण्यात बुडवायची विसरून गुणाजीकडे बघत राहिला.

"चूक माझी आसा," गुणाजी म्हणाला. "तुझी नाय, गाडीची नाय. मी रिकामी गाडी फिरवली. ताप उतरल्यावर नाडी बघितली." मग म्हणाला, "उद्या सकाळी मी वेसाव्याला येतो. गाडी रोजच्यासारखी भर. रोज जे जे करतेस ते ते कर. माझ्यासाठी काहीएक पुसायचं नाही. वास असू दे."

"उद्या शुक्रवार. उद्या हॉटेलचा माल नसतो."

"मग पेट्यांत बर्फ भर. मासे नसले तरी वजन होया."

फोन ठेवल्यावर लहू म्हणाला, "गुणा, चूक माझी असं तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं बघ."

"तुझ्यासमोर कधी चुकलंय नाय म्हणून," गुणाजी म्हणाला आणि पिशवी भरायला लागला.

*

शुक्रवारी साडेसातला तो वेसाव्यात हजर. गाडी कोळीवाड्याच्या तोंडाशी उभी होती आणि कल्पिताची आई, कृष्णाबाई, भरणीवर देखरेख करत होती. साठी उलटलेली, काष्टीचं लुगडं, दंडाला सोन्याची वाकी. थर्माकोलच्या पेट्या चढवायच्या आधी तिने मागच्या सीटवर निळी ताडपत्री अंथरली आणि चारही बाजूंनी गच्च खोचली, गादीखाली चादर खोचावी तशी. खाऱ्या पाण्याचा थेंब सीटला लागायला नको. मग त्यावर पेट्या, दाबून, एकाला एक.

"नुसत्या बर्फाची वरात काढतस काय रं बाबा?" तिने गुणाजीला विचारलं. "लोका हसतान आमाला."

"हसू देत, वयनी. उद्या रडण्यापेक्षा आज हसलेले बरे."

तिलाही यायचंच होतं. पोरीच्या गाडीचा हा कोण वैद्य ते तिला स्वतः बघायचं होतं. ती पुढे बसली, कल्पिता गाडी चालवायला, आणि गुणाजी मागे, दोन पेट्यांच्या मधल्या वीतभर जागेत, गुडघे छातीला लावून. स्कॅनरची वायर पुढून ओढून त्याने मांडीवर घेतली होती. एका पेटीतून बर्फाचं पाणी ठिबकत त्याच्या पायावर पडत होतं.

"काका, नीट आहात ना?"

"माझ्याकडे बघू नको. रोज चालवतेस तशी चालव."

निघताना बॅटरीचं तापमान चौतीस होतं. जोगेश्वरीच्या सिग्नलला एकेचाळीस. आरेच्या फाट्यापुढे गर्दी लागली, इंजिन बंद, एसी चालू, सेहेचाळीस. पवईच्या तलावाकडे आले तेव्हा एक्कावन्न. गुणाजी मोठ्याने फक्त आकडा बोलत होता. मधेच त्याने कान टवकारले. सीटच्या मागून एक बारीक घरघर येत होती. बॅटरीचा पंखा जीव खाऊन फिरत होता.

"पंखा फिरता, मगे वारो खय जाता?" तो स्वतःशीच पुटपुटला.

त्याने खिशातलं रिक्षाचं मीटरकार्ड, ते कुठल्याशा जुन्या भाड्याचं होतं, त्याचा कोपरा फाडला. ताडपत्री एका बाजूने उपसून हात आत घातला. सीटच्या कडेला, खाली, टीचभर जाळी असते. बॅटरीसाठी गार हवा तिथून आत ओढली जाते. पंखा एवढा फिरतोय तर कागद जाळीला चिकटून बसायला हवा होता. गुणाजीने कागद लावला आणि सोडला. कागद खाली पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

तेवढ्यात हॉटेलचा चढ आला. त्रेपन्न. पिवळा दिवा. बोनेटमध्ये खडे वाजायला लागले.

"बघा!" कल्पिता ओरडली. "हेच! हेच होतं!"

"चांगला झाला," मागून गुणाजीचा आवाज आला, आणि त्या आवाजात चक्क आनंद होता. "एसी पूर्ण वाढव, बाजूला घे, दहा मिनिटं थांब. मग सावकाश माझ्याकडे चल."

*

गॅरेजमध्ये आल्यावर गुणाजीने पहिल्यांदा बोटातली अंगठी आणि गळ्यातली साखळी काढून लहूच्या हवाली केली. मग पिशवीतून जाड रबरी हातमोजे काढले. एकेक मोजा मनगटाकडून गुंडाळत फुगवला, गालाशी धरला. सुईएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागतो. दोन्ही मोजे असे पारखून त्याने हातात घातले, बॅटरीचा नारिंगी प्लग ओढून काढला आणि सरळ पॅन्टच्या खिशात टाकला.

"खिशात कित्याला?" कृष्णाबाईने विचारलं.

"माझे हात आत असताना कुणी शहाण्याने परत लावला तर? हा माझ्या खिशात म्हणजे मी जिवंत." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. आत उरलेली वीज निजू दे."

उद्या सकाळी नऊची टांगती तलवार असताना ती दहा मिनिटं कल्पिताला सोसवेनात. ती येरझाऱ्या घालायला लागली. "काका, पाच मिनिटांनी काय फरक पडतो?"

"काय नाय. मी मरतो," गुणाजी म्हणाला. "बस."

मग त्याने स्टूल ओढून कृष्णाबाईला वहीतल्या दोन भावांची गोष्ट सांगितली. "धाकटा म्हणजे मोटर आणि तिची बॅटरी. त्याला उष्णता सोसत नाय, वयनी. तो तापला की काम सोडून झोपतो. मग पेट्या, एसी, चढ, सगळा भार मोठ्यावर. मोठा ठोकायला लागतो. मी बुधवारी मोठ्याचा खोकला बरा केला आणि धाकट्याचं अंग हात लावून बघितलंच नाही. गाडी रिकामी होती ना, धाकटा तापलाच नाही त्या दिवशी."

"मंग त्यो तापतंय कशान?"

"त्याचं नाक कोंडलंय. वरून ताडपत्री आहेच. पण ताडपत्री उपसली तरी कागद पडला. म्हणजे आत आणखी काहीतरी आहे."

"नाक खंय हाय त्याचा?"

गुणाजीने दार उघडून सीटच्या कडेची जाळी दाखवली.

कृष्णाबाई वाकली, बघितलं, आणि सरळ झाली. पदर तोंडाशी नेला.

"आई?" कल्पिता म्हणाली. "आई, काय झालं?"

"गनपतीनंतर," कृष्णाबाई हळू बोलली, "तू बोल्लीस ना, गारीन मासलीचा वास फिरतंय, हॉटेलवाले नाक मुरडतान. मना वाटला, ह्या भोकातशीच वास भायेर येतंय. सुक्या बोंबलांचे पेटीन आपुन कोलशाची पुरचुंडी ठेवतांव ना, वास धरतंय कोलसा. तशी लुगड्याचे फडक्यान बांधली नी जाली काढून आत सारली. परत जाली लावली. तुना नाय सांगितला."

"आई!" कल्पिता कपाळाला हात लावून ओरडली. "अगं, इतकी धावाधाव, सर्व्हिस सेंटरला माझा अपमान, तिकडे हर्षदसर मला... आणि तू कोळसा भरलास?"

कृष्णाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुजे भल्यालाच केला गो."

"थांब गो बाय," गुणाजीने कल्पिताला अडवलं. आवाज चढवला नव्हता, पण ती थांबली. "वासासाठी आईने भोक बुजवलं. वासासाठी सर्व्हिसवाली पोरं मागच्या दारात वाकली नाहीत. वासासाठीच तू गाडी धुतलीस आणि मी धुतलेल्या गाडीवर विश्वास ठेवला. चौघांत एकटी आईच शहाणी. तिने वासावर काहीतरी उपाय तरी केला. बाकी आपण नुसते लाजलो."

लहूने खाली बघत "बरोबर" असं म्हटलं. घड्याळात दहा मिनिटं झाली होती.

सीट निघाली, जाळी निघाली, पुरचुंडी निघाली. हवेच्या धक्क्याने तिची गाठ सैल झाली होती आणि कोळशाची पूड पंख्यापर्यंत पोचली होती. पंख्याच्या पात्यांवर पुडीबरोबर वाळलेले खवले चिकटून चांदीसारखे चमकत होते. ते बघून कल्पिताला हसू फुटलं. गुणाजी हसला नाही. त्याने बॅटरी उचलून पुढे घेतली आणि टॉर्च मारून तिच्या तोंडाशी बघत राहिला.

"काय झालं, काका?"

"कोळशाच्या पुडीतून वीज जाते," तो म्हणाला. "ही आणखी दोन बोटं आत गेली असती तर गाडी बंद पडली नसती. पेटली असती."

त्यानंतर दुपारी चारपर्यंत तो कामातून उठला नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. आधी बारीक नळीने पूड ओढून घेतली, मग कोरड्या ब्रशने, मग पातळ फडक्याने, पट्टी न पट्टी. पंखा सुटा करून पाती एकेक पुसली. एका जोडावर खाऱ्या पाण्याने हिरवट गंज चढला होता, तो घासून काढला. कल्पिता विचारायची, "झालं?" तो नाही म्हणून मान हलवायचा. दोनदा झालेलं काम त्याने तिसऱ्यांदा केलं. साफ झालं होतं हे त्यालाही दिसत होतं. पण बुधवारी झालं म्हणून किल्ली दिली होती, ते त्याच्या हातातून जात नव्हतं.

जोडाजोड करून, खिशातला प्लग परत लावून त्याने पंखा फिरवला, आणि तिथे तो अडला. ताडपत्री कापून जाळी मोकळी ठेवता येणार होती. पण मोकळी जाळी म्हणजे खवले पुन्हा आत. त्याने स्पंज लावून बघितला, कागद पडला. पातळ कापड लावलं. कागद चिकटला, पण नाखुशीने.

कृष्णाबाई इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. ती उठली. "जवल्याचे जाल्याचा तुकरा चालंल? त्यातशी पानी झरझर जातंय, जवला येक नाय जात. वारा नाय जायाचा व्हय?"

गुणाजीने तिच्याकडे बघितलं. जवळा म्हणजे भाताच्या शितापेक्षा बारीक कोळंबी. ज्या जाळ्यातून तो निसटत नाही, त्यातून खवला कसा जाणार?

"खय गावतला?" तो आपल्या भाषेत म्हणाला.

"पिशवीन हाय." कोळणीच्या पिशवीत काय असतं ते विचारू नये. मासे बांधायला ठेवलेला निळ्या जाळ्याचा हातभर तुकडा तिने काढला, लहूकडून लोखंडी तार मागितली, चौकोन वाकवला आणि नायलॉनच्या दोऱ्याने त्यावर जाळं ओवत बसली. बोटं अशी चालत होती की गुणाजी पाना खाली ठेवून बघत राहिला. पंधरा मिनिटांत चौकट तयार. ती जाळीवर बसवली, गाडी परत चालू केली, पंखा फिरवला. गुणाजीने कागदाचा तुकडा लावला आणि बोट काढलं.

कागद चिकटून राहिला.

"वयनी," गुणाजी म्हणाला, "सत्तावन्न वर्षांचा झालो, हे माझ्या डोक्यात आलं नसतं."

"नी मी भोक बुजवलान ता तुजे डोक्यान आला नसता," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी बर्फाच्या त्याच पेट्या भरून, तीच ताडपत्री, पण कडेला कापलेली, अंथरून ते तिघं हॉटेलच्या चढावर तीनदा गेले आणि तीनदा उतरले. गुणाजी मागे, गुडघे छातीशी. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, "आता किल्ली तुझी. स्कॅनर उद्यापुरता गाडीतच असू दे, चढावरचा आकडा बघ."

"उद्या तुम्ही या ना बरोबर," कल्पिता म्हणाली. "तुम्ही मागे असलात तर मला धीर येईल."

"माझं वजन धरून गाडी दुरुस्त केली नाही," तो म्हणाला. "आणि मी बसलो तर एक पेटी कमी बसेल. उद्या लग्न आहे ना त्यांच्याकडे?"

*

शनिवारी सकाळी गुणाजी एका रिक्षाचं इंजिन उतरवत होता. लहू म्हणतो, एकच बोल्ट त्याने चार वेळा सोडवला आणि चार वेळा लावला. साडेआठ झाले. आठ पस्तीस झाले. फोन लहूच्या बाकड्यावर होता, कारण गुणाजीचे हात तेलाचे होते. निदान तसं तो सांगत होता.

आठ बेचाळीसला फोन वाजला. लहूने उचलला, ऐकलं, आणि अख्ख्या टेंभीपाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "पोचली रे गुणा! माल आत गेला! सोमवारचा पण सांगितला त्यांनी!"

गुणाजी उठला नाही. "चढार किती होता विचार."

"अरे, ती रडतेय तिकडे!"

"रडू दे. किती होता ता विचार."

लहूने विचारलं. एकोणचाळीस.

गुणाजीने हात पुसले, मग फोन मागून घेतला. तिकडे आता कल्पिता नव्हती, कृष्णाबाई होती. मागे पेट्या ओढल्याचा आणि कुणीतरी हलव्याचं वजन मोठ्याने सांगत असल्याचा आवाज येत होता.

"वयनी, उतरल्यावर ती जाळी एकदा झाडून घ्या. रोज झाडायची. विसरायचं नाही."

"झारली रं बाबा, झारली," कृष्णाबाई म्हणाली. "आजपासून त्याचे नाकाला मी जपतंय. तू आता न्याहारी कर."